चौकशीच्या खिडकीतले साहेब

बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांची नक्कल करून सहादूने गणपतीत अख्खी गल्ली हसवली होती. आज पेठची गाडी विचारायला तो त्याच खिडकीच्या रांगेत मान खाली घालून उभा होता. पुढे एक आजी होत्या.

“साहेब, चांदवडची गाडी कधी हाय?”

“फळ्यावर लिहिलंय.”

“मला वाचता येत नाय.”

“मग शेजारच्याला विचारा.”

“त्यो म्हनतो, साहेबांना विचारा.”

“साहेब चहा पिताहेत.”

“कवा येतील?”

“मीच साहेब. चला, पुढचा!”

सहादू पुढे सरकला. “साहेब, पेठची गाडी...”

“थांबा. गणपतीत माझी नक्कल केलीत ती तुम्हीच ना?”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सहादूने हात जोडले.

“चुकलं साहेब. माफी असावी.”

“चुकलंच! मी पहिल्या रांगेत बसून बघितलंय. चष्मा बरोबर, चहा बरोबर, खेकसणं तर माझ्याहून झकास. पण शेवटी तुम्ही नकलेतल्या म्हातारीला गाडीची वेळ सांगून टाकलीत.”

“हो, सांगितली.”

“मी कधी सांगतो?”

आणि खिडकी धाडकन बंद झाली.