एकटीची शर्यत

(पापनाशम. शाळेच्या मैदानावर तालुक्याच्या क्रीडास्पर्धा. १९९७, पोंगलनंतरची एक दुपार.)

शांभवी : म्हणजे आमची नावं पुकारणारच नाहीत? सकाळी नऊपासून बसलोय आम्ही दोघी इथं.

सेतुमाधव : पुकारतील गे. पण स्पर्धेला नाही. आधी माझं ऐकून घे.

शांभवी : घरी काका असाल, इथं पी.टी. मास्तर आहात तुम्ही. कलेक्टर ऑफिसचं पत्र मी तुमच्याच हातात दिलं होतं. अपंग मुलामुलींना स्पर्धेत घ्यावं. शिक्का आहे त्यावर.

सेतुमाधव : आहे. आणि तिघं असल्याशिवाय स्पर्धा धरायची नाही, हाही नियमच आहे. तुझ्या गोळाफेकीत तू एकटी. भुवनाच्या शंभर मीटरला भुवना एकटी. एकटीची शर्यत कशी लावायची, विचारतात. मी काय सांगू त्यांना?

शांभवी : अकरा नावं दिली होती आपण.

सेतुमाधव : आली किती?

भुवना : दोघी, सार. मी आणि अक्का.

शांभवी : दिवाळीपासून एक रविवार सोडला नाही आम्ही. मी पायाला लोखंडी कॅलिपर बांधून बसची पायरी चढायची, ही वरून एका हातानं मला ओढायची. घरोघर बसलो, समजावलं. सगळे हो म्हणाले. कॉफी दिली.

सेतुमाधव : कॉफी देणं सोपं असतं. कृष्णवेणीच्या बापाकडे काल मी स्वतः गेलो. म्हणाला, सार, घरात आहे ती घरात राहू दे. धाकटीचं लग्न जमवायचंय, चारचौघांत कशाला दाखवायची?

शांभवी : मग भुवनाला सगळ्या मुलींबरोबर पळू द्यायचं होतं! कोपराखाली हात नाही तिला. पाय आहेत ना?

सेतुमाधव : तेही विचारलं. म्हणाले, तोल जाऊन पडली तर जबाबदार कोण? यांच्यासाठी वेगळी शर्यत ठेवलीये, तिच्यात पळू दे.

शांभवी : आणि वेगळीत एकटी आहे म्हणून नाही.

सेतुमाधव : हं.

शांभवी : हं काय, काका?

सेतुमाधव : तीनदा गेलो मी त्या पंचांच्या टेबलापाशी. तिसऱ्यांदा कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

भुवना : सार, सकाळी मुलींचं शंभर मीटर झालं ना? मी पळाले.

शांभवी : कुठं पळालीस? केव्हा?

भुवना : तू नळावर गेली होतीस. शिट्टी झाली, मी पळाले. कुंपणाच्या बाहेरून, बाजूबाजूनं. दुसरी आले, अक्का. वाटेत म्हैस होती, नाही तर पहिली.

सेतुमाधव : बघितलं मी.

शांभवी : बघितलंत? मग लिहा तसं!

सेतुमाधव : कुठल्या कागदावर लिहू? कुंपणाबाहेरचं लिहायला रकाना आहे का?

भुवना : राहू दे अक्का. सारना नको ओरडू.

सेतुमाधव : आता ऐका. पाहुणे आलेत, टीव्हीच्या दुकानाचे मालक. बक्षिसं सगळी त्यांचीच. ते तुम्हा दोघींना शाल घालणार, एकेक एव्हरसिल्व्हरचा, स्टीलचा डबा देणार. पेपरात फोटो येणार. मुलींनी धीर दाखवला, म्हणाले हेडमास्तर.

शांभवी : कसला धीर? दिवसभर बाकावर बसायचा? मला डबा नको. एकदा गोळा फेकू द्या. टेप लावा, जो येईल तो आकडा लिहा. आकड्याशिवाय जिल्ह्याला नाव जात नाही, तुम्हीच शिकवलंत.

सेतुमाधव : टेप आत गेली. कपाटाला कुलूप लागलं. पुढच्या वर्षी आपण लवकर...

शांभवी : पुढच्या वर्षी माझी शाळा संपलेली असेल.

सेतुमाधव : ठाऊक आहे गे मला.

भुवना : अक्का, आपण जाऊया का वर, स्टेजवर?

शांभवी : तू पण?

भुवना : अम्मा आलीये. कापणी सोडून आलीये. ती बघ, चिंचेखाली उभी. अप्पांनी सांगितलंय, आज काही जिंकून आणलंस तर पुढं बघू, नाही तर पळणं बंद. डबा मिळाला तर शर्यतीचा म्हणून सांगीन.

शांभवी : खोटं सांगशील?

भुवना : पळाले तर होतेच.

शांभवी : जा मग तू. घे डबा. मी इथं बसते.

सेतुमाधव : दोघी पाहिजेत. फोटो तसा ठरलाय. एकटीला बोलवायचं नाही म्हणतात, बरं दिसत नाही. पाहुण्यांना कुंभकोणला जायचंय, उशीर झालाय. बघ, माईकवर नाव घेतायत.

भुवना : अक्का.

शांभवी : ऐकू येतंय मला.

भुवना : अम्मा बघतेय.

शांभवी : काठी दे माझी. काका, स्टेजच्या पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत?

सेतुमाधव : पायऱ्या नाहीत. वर्गातली टेबलं जोडून केलंय. सगळे स्टुलावर पाय देऊन चढतात.

शांभवी : मी कशी चढू?

सेतुमाधव : मी आहे. साईराम सार आहेत. दोघं मिळून...

शांभवी : एवढ्या सगळ्यांसमोर?

सेतुमाधव : काय करू मी, बाळ? तू सांग.

शांभवी : उचला.