मालूच्या गाडीचं मागचं चाक

पाना? मला काय ठावं तुजा पाना कुठं गेला! मी काय पान्यानं दात घासनार हाय? — दात पन नायत. तू आदी मला सांग, मुबारक, मागच्या दोन चाकांना जोर वाटनाऱ्या ह्या तीन डिफरन्शियलांतला कंचा बसवायचा. पोत्यावर असे मांडलेस जसे काय बाजारात मासळीचे वाटे. आरामात सांग, मालू बारापर्यंत बाजारातून उठत नाय. तिला मी बोल्लेय, गाडी ऑइल बदलायला लावलीय. — खोटं कसं? ऑइल पन बदल, मग खोटं कुठं राह्यलं!

ते नको परत समजावू, ते कळलं मला. त्या दिवशी तू एक चाक जॅकवर उचलून दाखवलंस ना — वरचं गरागरा, खालचं गप. तळ्याच्या बांधावरच्या वाटेवर पन तेच होतं. एक चाक चिखलात गेलं का सगळा जोर त्यालाच, नि दुसरं बिचारं कोरड्यावर धडधाकट उभं, त्याला काय नाय. जो घसरला त्यालाच सगळं! — आमच्या घरात पन असंच झालं रे. माजा धाकटा किसन्या सारखा घसरायचा, म्हनून तूप त्याला, नवी चड्डी त्याला. थोरला कमळाकर, मालूचा नवरा, कोरड्यात उभा — तो कावीळ होऊन गेला तरी कोनाला बोल्ला नाय का मला बरं वाटत नाय. मी पन इचारलं नाय. — जाऊ दे. गाडी त्यानंच घेतली, पन सह्या करायचा कंटाळा, कागद भावाच्या नावावर. तो गेल्यावर मालू चालवायला शिकली. चार वर्सं तळ्यावरचे जिताडे मासे बर्फात घालून तीच आनते पनवेलला. नि आता किसन्या खांदा कॉलनीच्या फ्लॅटमदनं बोलतो, गाडी सारखी अडकते, बाईमानसाचं काम नाय, विकून टाकू. रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतोय. बोल्ला, माज्यासमोर भरलेली गाडी बांधावरून काडून दाखव — निगाली तर ठेव, अडकली तर चावी दे. म्हनून मी आले. खोट बाईत नाय, चाकात हाय.

हां, तर हा पैला, प्लेटवाला. थोडा जोर इकडं, थोडा तिकडं — नि गुडघाभर चिखलात? — बग, मान हलवलीस. गावच्या सभेसारखा हाय हा, दोगांचं ऐकतो नि करत काय नाय. उचल त्याला. दुसरा आपोआप. एक चाक जास्त फिरलं का टक्, दोन्ही जखडले, कोनाला इचारायचं नाय. हा ब्येस. — वळनावर कुरकुरतो? असू दे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त चालायला लागतं, ते मला नको शिकवू, मळनीचे बैल हाकलेत मी, खांबाजवळचा जागच्या जागी डुलतो नि कडेचा पळून पळून अर्दा होतो. आनि हा तिसरा बटनवाला, हवेवर चालतो — दाबलं तर जखडला, सोडलं तर मोकळा. हाच घेतात ना ते मुंबईचे जीपवाले, पैसे भरून चिखलात जातात ते? आमी फुकट जातो!

तू दुसराच बसव. आपोआपवाला. गाडी परत कदी अडकायलाच नको. कदीच नाय. — अरे, रविवारपुरतं बटन चालंल, ते मला कळतंय. पन मला कदीच नको. — का मंजे? का मंजे काय? तुजी आई हाजरा पन अशीच खोदून इचारते, सगळं घर चौकश्यांचं!

काळूरामचं नाव तुला कोनी सांगितलं?

बरं, ट्रॅक्टर घेऊन येतो तो. शेजारच्या तळ्याचा. बायको गेलीय त्याची, मानूस चांगला, जरा मुका. पैल्यांदा गाडी अडकली ती खरीच अडकली. हा आला, साखळी लावली, वडली, नि सगळा चिखल उडाला ह्याच्याच तोंडावर — नि मालू हसली. चार वर्सांनी, मुबारक. कंबरेवर हात ठेवून हसली. मी झाडाखाली बसून बगत व्हते. मग काय, मला चेव आला. तळ्याचं पानी सोडायची फळी हाय ना, ती मी पाटे जाऊन दोन बोटं वर केली. वाट झाली चिकचिक. गाडी अडकली, ट्रॅक्टर आला. एकदाच केलं. — तीनदा. — चौथ्यांदा भरती व्हती, ती माजी नाय!

हसू नको, फुडं ऐक. गेल्या सोमवारी मी फळीला हात पन नाय लावला. वाट कडक सुकलेली. कडेला एक डबकं, म्हस बसंल एवडंच. नि आमची मालू, डोळे मिटून गाडी चालवील अशी बाई, बरोब्बर त्या डबक्यात चाक घालून उबी! नि फडक्यात भाकऱ्या किती? सा. ती खाते दोन. 

आता कळलं का मला आपोआपवाला कशाला पायजे? घरात आमी दोगीच. तिच्या चपलेत मी चिंच ठेवते, ती माज्या तपकिरीत हळद घालते, दिवस जातो. ती गेली काळूरामकडं, मंजे मी मस्करी कोनाची करू? भिंतीची? किसन्याच्या फ्लॅटमदी तर हसलं का खालचा मानूस वर येतो.

...

किती शिकलास रे तू? — धावी? मी दुसरी. दुसरीत पन कळतं, हा दुसरा नि मी सारखेच. कोनाला इचारायचं नाय, आपलं टक् करून जखडायचं. फळी पन मीच उचलायची, आता चाक पन मीच बांदायचं.

उचल त्याला पन. बटनवाला बसव. रविवारी किसन्यासमोर ती दाबंल, नि गाडी अशी निगंल का तो तोंडातला तंबाकू गिळंल. सोमवारी दाबंल का नाय ते तिचं ती बगंल, तू मला येऊन सांगू नको.

आनि बटन तिच्या उजव्या हाताला लाव, दरवाज्याकडं. मदल्या सीटवर मी बसते, माजा हात पोचता कामा नये. माजा मला भरवसा नाय.

बगतोस काय तोंडाकडं? हा घे तुजा पाना, कवापासून माज्या मांडीखाली टोचतोय. जा, घूस गाडीखाली.