एकाचाच विमा

विम्याचा विषय काढलात म्हणून सांगतो. आमचा कडक भाकरीचा धंदा. बायको शालन भाकऱ्या करते, मी स्कूटरवर हॉटेलांना पोचवतो. नोकरी नाही, म्हणजे दवाखान्याचा विमा आपला आपणच काढायचा. म्हणून गल्लीतल्या सुभाषला, विमा एजंटला, घरी बोलावलं. त्यानं दोघांचा हप्ता सांगितला, तो काही झेपणारा नव्हता.

"मग एकाचाच काढ," मी म्हणालो. "माझं नाव लिही. घर माझ्यावर चालतंय."

सुभाष लिहिता लिहिता थांबला. "दादा, दिवाळीनंतर तुमाला डेंग्यू झालता की. धंदा किती दिवस बंद ठेवला?"

"एक दिवस न्हाय," मी फुशारकीनंच सांगितलं. "हॉटेलवाले घरी येऊन भाकऱ्या नेत होते."

"आन् वहिनी तापानं पडल्या तर?"

आत भाकरी थापायचा आवाज चालू होता. बारा वर्षं तो ऐकतोय, पण तो बंद पडला तर काय, हे कधी मनातच आलं नव्हतं.

"हिचंच नाव लिही," मी म्हणालो. "माझं पुढच्या वर्षी बघू."

"वहिनींचा व्यवसाय काय लिहू?"

सवयीनं तोंडातून गेलंच, "काय न्हाय, घरीच असती."

थापायचा आवाज थांबला.

"भाकरीचा धंदा लिवा, भावजी," आतून शालन म्हणाली. "आन् पुढच्या वर्षी ह्यांचा फॉर्म भरताना लिवा, माझ्याकडं कामाला हायेत."