मयताची तालीम

रहमा : आडवे व्हा बघू पिठाच्या पोत्यांवर. तुम्ही मेलायत.

अल्लाल : अगं, एकदम मारतेस काय? ताप आलाय म्हण.

रहमा : तापात तुमचं तोंड चालू असतं. गेल्या गुरुवारी या भट्टीपुढे चक्कर येऊन पडलात, आणि गल्लीभरच्या बायकांनी भाजायला पाठवलेलं पावांचं मळलेलं पीठ आंबून गेलं. पुन्हा तसं झालं तर सगळ्या नाक्यावरच्या विजेच्या भट्टीकडे जातील. मला एकटीला जमतंय का, ते आजच कळू दे.

अल्लाल : कुठला पाव कुणाचा, हे ओळखण्यात माझी हयात गेली, बाईसाहेब!

रहमा : मेलेल्यानं बोलायचं नाही.

अल्लाल : बरं. फक्त एक. पावांवर खुणेचे तीन बोटांचे खळगे, ते काझीच्या बायकोचे...

रहमा : तिचे चार. तीन लल्ला झहूरचे. पडा गप्प.

अल्लाल : डावीकडे विस्तव जास्त आहे! फिरव, फिरव!

रहमा : अहो, मयत!

(शेजारीण झहूर, जिला मानानं सगळे 'लल्ला' म्हणजे 'बाई' म्हणतात, दारात येते. अल्लाल पिठानं पांढराफटक, डोळे मिटलेले.)

झहूर : या अल्लाह! अल्लाल गेला! कधी गं रहमा?

रहमा : लल्ला झहूर, थांबा, ही नुसती तालीम...

झहूर : भ्रमिष्ट झाली बिचारी! नवरा थंड पडलाय नि ही पाव फिरवतेय! इतकी वर्षं माझे पाव करपवले गं त्यानं, पण चकार शब्द काढला का मी? मनाचा राजा होता!

अल्लाल : कधी करपवले?

झहूर : आई गं! उठला!

अल्लाल : कधी करपवले, ते सांग आधी!

रहमा : घ्या लल्ला, हे तुमचे पाव. डोळे पुसा. आणि गल्लीत बोलू नका.

झहूर : आता कसलं! माझा टाहो ऐकून पलीकडच्या हनियानं मयताच्या जेवणाचं कुसकुस चुलीवर चढवलंसुद्धा असेल. पण पाव काय सुरेख भाजलेत गं! अल्लाल, असाच अधूनमधून मरत जा.

अल्लाल : गेली एकदाची, खवट म्हातारी. काय गं, खरंच माझ्यापेक्षा छान भाजलेस?

रहमा : कसले छान! तिचे डावीकडे होते, कोळसा झाले. तिला आपले दिले.

अल्लाल : आणि खळगे?

रहमा : रडताना कोण खळगे मोजतंय? त्यासाठीच आपले दोन जास्तीचे टाकले होते. तुमच्या माघारी एवढी तरी सोय नको?

अल्लाल : आण तो कोळसा इकडे. खाऊ दोघं. डावीकडच्या विस्तवावर आधी राख ओढायची असते, वेडे.

रहमा : हे कधी सांगितलं होतंत?

अल्लाल : नव्हतं सांगितलं. उद्या भट्टीचं फावडं तू धर. मी शेजारी बसतो.