लेक आज धावली का?

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या बाईंना बोलणं शक्यच नव्हतं. शेजारच्या दोन म्हाताऱ्या मित्रांचं बोलणं मात्र त्यांच्या कानावर पडत राहिलं.

“सारखं त्या फोनला काय विचारतोस रे?”

“लेक आज धावली का ते. तिच्या घड्याळातली धावण्याची ताजी नोंद फोनमधला हा एआय शोधून आणतो आणि मला वाचून दाखवतो. तिनंच तशी परवानगी दिली होती, आमचं भांडण व्हायच्या आधी.”

“आणि भांडणानंतर काढून नाही घेतली?”

“नाही.”

“मग काय म्हणतो तो?”

“आठवडाभर नोंदच नाही म्हणतो. आजारी असेल का रे?”

“त्याला काय ठाऊक! तिलाच विचार की.”

“वर्षभर बोललो नाही आम्ही. कुठल्या तोंडानं विचारू?”

“दात काढायच्या आधी आहे, त्याच तोंडानं. लाव फोन.”

म्हातारा फोन घेऊन दाराबाहेर गेला. परत आला तेव्हा बाई गालाचं दुखणं विसरून त्याच्याकडेच बघत होत्या.

“बरी आहे ना पोरगी?” मित्रानं विचारलं.

“ठणठणीत. रोज धावते. घड्याळ तेवढं बिघडलंय. ते दुरुस्त होईपर्यंत रोज स्वतः फोन करून सांगेन म्हणाली.”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, दुरुस्तीची काही घाई नाही.”