खोली रिकामी करा!

मंडळी, एक विचारतो. देवळाची खोली कुणाची? देवाची! बरं. मग तिच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला? — हसू नका, ऐका.

नदीकाठचं गाव. पुरात खालची आळी बसली. मातीच्या भिंती त्या, दोन दिवसांत चिखल! सात घरांची माणसं आधी शाळेत ठेवली. शाळा भरली — उठा! मग मंगल कार्यालयात. लग्नसराई आली — उठा! शेवटी देवळाच्या भक्तनिवासात. आणि आठ महिन्यांनी आला सप्ताह.

देवस्थानचे अध्यक्ष तात्या मगदूम. माणूस वाईट नाही हो! काकडआरती चुकवायचा नाही, मुंगीवर पाय द्यायचा नाही. दोनदा सांगून झालं होतं. आज शेवटचं सांगायला निघाले — उद्या खोल्या मोकळ्या करा, कीर्तनकारबुवा उतरायचेत!

ओसरीवर पोरांची भातुकली चाललेली. तात्या खांबाआड थबकले. भातुकलीत काय असतं, बायांनो? चूल, भात, बाहुलीचं लग्न. इथं चूलच नव्हती! सात वर्षांची शेवंती चिंध्यांच्या बाहुलीला थोपटत होती —

नीज गं चिंधीबाई, भिंतीला टेकून,
सकाळी निघायचं, बोचकं बांधून...

तेवढ्यात दुसरी चिमुरडी उठली. डोक्याला फडकं, कमरेला करवंटीच्या तुकड्यांचा जुडगा. खाकरली — हुबेहूब तात्या!

"अजून हितंच? देवाचं काम हाय! उद्या खोली रिकामी करा!"

"व्हय तात्या," म्हणत शेवंतीनं बाहुली उचलली, पुढच्या फरशीवर नेली. तिथं टेकवते न टेकवते — पुन्हा खाकरणं! पुन्हा बोचकं! पोरं खदखदून हसत होती.

तात्यांचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला. कशाला? — वाजू नयेत म्हणून!

खाली मान घालून पुढं झाले. शेवंतीनं बाहुली पोटाशी धरली.

"पोरी, घरं उभी ऱ्हाईस्तोवर हितंच ऱ्हावा. बुवा उतरतील माझ्या घरी." हात अजून किल्ल्यांवरच. "आता... खेळात बी तसंच म्हणा की."

शेवंतीनं मान हलवली.

"तसं कुणी म्हणत न्हाई, तात्या. खेळ खोटा हुतो."

मंडळी, ते बुवा कोण, विचारू नका. मान माझीही खालीच आहे. पण तुमच्याही अंगणात पोरं भातुकली मांडतात ना? जरा खांबाआड उभे राहा. तुमचं सोंग घेतलेलं पोर काय बोलतंय, ते ऐका. ऐकून सोसलं — तर मग गजर करू.