बिडावरचे टाके

—नाही नाही, बाई, दोरीच्या अलीकडूनच काढा फोटो. मला काही वाटत नाही हो, मी काय, बाकावर बसलेला म्हातारा. पण दारात टोपी घालून बसलाय ना, तो निकानोर, तो धावत येईल. तिकीट त्यानेच दिलं असणार तुम्हाला. आणि म्हणाला असेल, "आमचा लेथ बघितल्याशिवाय जाऊ नका." म्हणाला ना? आमचा! जन्मात कधी लेथच्या चकाला, दांडा पकडतो त्या जबड्याला, हात लावला नाही, वेल्डर होता तो, त्या कोपऱ्यात बसायचा ठिणग्या उडवत— आणि आता आमचा.

तुम्ही हवानाच्या, म्हणजे साखर तुम्हाला कॉफीतच भेटलेली. गाळप चालू असलं ना, की या वर्कशॉपला कुत्रं विचारायचं नाही. सगळा मान बॉयलरवाल्यांना. पण गाळप संपून भोंगा थांबला, की आमचा हंगाम सुरू— आख्खा कारखाना सुटा होऊन या दारात रांग लावायचा. रोलरचे दांडे, पंपांची पोटं, सगळं इथे. वरती तो लांब दांडा दिसतोय छताला? तिथून पट्टा खाली यायचा लेथला. माझ्या आजोबांच्या वेळेला आलेलं यंत्र हे. सुटे भाग बनवणारी कंपनी कधीच बुडाली, मग याचे गिअर आम्ही याच्यावरच बनवायचो— म्हणजे आजाऱ्यानेच स्वतःचं औषध कुटायचं. आणि खोड होती त्याला. ज्यावरून हत्यार सरकतं तो खालचा बेड चकाजवळ झिजलाय, तिथे हत्यार केसभर खाली बसतं, दांडा जाड उतरतो. मग तिथे आलं की मूठ किंचित आत दाबायची. किती? ते कसं सांगणार बाई, तुम्ही मीठ किती घालता?

मग कारखाना बंद झाला. का म्हणून मला विचारू नका, मलाही कोणी विचारलं नव्हतं. वरून हुकूम आला— जे यंत्र चालू आहे ते पूर्वेकडच्या कारखान्यात जाईल, जे मोडकं आहे ते इथेच राहील, संग्रहालयात. तुम्हीच सांगा, जगात दुसरीकडे कुठे मोडक्याला एवढा मान आहे? लेथ चालू होता. उत्तम चालू होता. मंगळवारी ट्रक येणार होता. रविवारी मी सांता क्लाराला गेलो, लेकीकडे. सोमवारी येऊन बघतो तर— वाका जरा, तिकडून, हां— हत्यार धरून सरकतं ना, त्या कॅरेजच्या खाली बघा. दिसले टाके? वेल्डिंगने कॅरेज बेडला जखडून टाकलंय. आणि वरून हिरवा रंग! बेडवर, बाई, बेडवर! जिथे मी तेलाच्या बोटाशिवाय दुसरं काही लागू दिलं नाही, तिथे बागेतल्या बाकाचा रंग.

आणि काम बघा हरामखोराचं. हे बीड आहे, ओतीव लोखंड, बिडाला नुसता टाका मारला की तडा जातो. याने आधी गॅसने हळूहळू तापवलंय, मग टाके मारलेत, मग राखेत गुंडाळून निववलंय. राख मी स्वतः झाडली. म्हणजे जीव घ्यायचा, पण उशी मऊ बघून.

मी विचारलं, "हे काय केलंस तू?" तर म्हणतो, "वाचवला." म्हटलं, "कोणाला?" तर रंगाचा डबा उचलून चालायला लागला. माझ्या पोरीचा धर्मबाप आहे हा, बाई. बाप्तिस्म्याला माझी पोर त्याच्या हातात होती. ट्रक आला, त्या लोकांनी वाकून बघितलं, मान हलवली आणि ड्रिलिंग मशीन घेऊन गेले. दुसऱ्या महिन्यात याला टोपी मिळाली.

तेव्हापासून एक शब्द बोललो नाही त्याच्याशी. हो, रोज येतो. बाक काय त्याच्या बापाचा आहे? दुपारी कॉफी पाठवतो, ती पितो. कॉफीचा काय दोष? संध्याकाळी डॉमिनोला आम्हीच जोडीदार, पण तिथे तसंही जोडीदाराशी बोलायचं नसतं, नियमच आहे— त्यामुळे अडत नाही काही. जिंकतोही.

अगदी बरोबर बोललात! तेच म्हणतो मी— तिकडे पूर्वेला लेथ निदान चालला तरी असता! कोणीतरी रोज तेल घातलं असतं, कोणीतरी... नाही, असा कोणीही चालवेल तसा नाही तो, आत्ताच सांगितलं ना. म्हणून तर त्यांनी लेथबरोबर माणूसही मागितला होता. मलाच, दुसरं कोण आहे? खोली देणार होते, समुद्राच्या बाजूची. मी हो म्हटलं होतं. बायको गेलेली, पोर तिच्या घरी, इथे माझं काय होतं? निकानोरला सांगणारच होतो. सवडीने. शनिवारी डॉमिनोला बोलवायला आला तर खाटेवर माझी बॅग उघडी, आणि कपड्यांवर मायक्रोमीटरची पेटी, लेथवर मापं घ्यायची. मी म्हटलं, लेकीकडे निघालोय, दोन दिवस. बरं, म्हणाला. पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दोन दिवसांसाठी पोरीकडे मायक्रोमीटर कोण नेतं, असं काही विचारलं नाही त्याने. खुर्चीवर जरा वेळ बसला, आणि उठताना एवढंच म्हणाला, "लवकर ये रे."

काय? माझ्याकडे असं काय बघताय? नाही, तसं नाही ते. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. लेथचं बोलत होतो मी. लेथ जखडला त्याने, मी कुठे—

झाले का फोटो? मग निघा तुम्ही. दुपारची गाडी चुकली तर उद्यापर्यंत दुसरी नाही. आणि हे बघा, दारात तो विचारेल, काय बोलत होता म्हातारा म्हणून. सांगा, झोपला होता.